क्लाउडवरची सुरक्षित छपाई: कार्यालयांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कार्यालयांमधले प्रिंटर, सर्व्हर आणि नेटवर्क सांभाळणं हे माझं गेल्या अनेक वर्षांचं काम. जुना प्रिंट सर्व्हर काढून क्लाउडवर जायचं ठरलं की खालचे प्रश्न हमखास येतात. काहींचं उत्तर दोन ओळींत संपतं, काहींना वेळ द्यावा लागतो.

क्लाउड प्रिंट मॅनेजमेंट म्हणजे नेमकं काय?

जुन्या पद्धतीत कार्यालयात एक प्रिंट सर्व्हर असतो. प्रत्येक प्रिंटरची रांग त्यावर, सगळे ड्रायव्हर (प्रिंटरशी बोलणारे छोटे प्रोग्रॅम) त्यावर, रंगीत प्रिंट कोणी काढायची आणि कोणी नाही हेही त्यावरच. शाखा पाच असतील तर बहुतेक वेळा सर्व्हरही पाच, आणि पाचही कोणीतरी अपडेट करत राहायचे. क्लाउड पद्धतीत हा कारभार सेवा देणाऱ्या कंपनीकडे जातो. प्रिंटर, माणसं, परवानग्या, नोंदी हे सगळं एका वेबपानावरून दिसतं आणि तिथूनच बदलता येतं. मायक्रोसॉफ्टची युनिव्हर्सल प्रिंट सेवा मार्च २०२१ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. पेपरकट हाइव्ह, प्रिंटिक्स अशा इतरही सेवा आहेत. प्रत्येकीची बांधणी वेगळी आहे, त्यामुळे नावावरून नव्हे तर पुढच्या प्रश्नाच्या उत्तरावरून निवड करा.

म्हणजे माझी फाइल इंटरनेटवर जाऊन शेजारच्याच प्रिंटरवर परत येते?

काही सेवांमध्ये येते, काहींमध्ये येत नाही. हा फरक आधी समजून घेतला नाही तर पुढे त्रास होतो.

पहिल्या प्रकारात तुमच्या कॉम्प्युटरवरून फाइल थेट क्लाउडला जाते, तिथे थांबते, आणि तुम्ही प्रिंटरपाशी उभं राहून मागितलीत की खाली येते. दुसऱ्या प्रकारात फाइल तुमच्या कॉम्प्युटरवर किंवा कार्यालयातल्या एखाद्या छोट्या यंत्रावरच राहते. क्लाउडला फक्त निरोप जातो: अमक्याने, अमक्या वेळी, इतक्या पानांचं काम दिलं आहे. प्रिंट मागितली की फाइल कार्यालयाच्या आतूनच प्रिंटरकडे जाते. बऱ्याच सेवा दोन्ही मार्ग देतात. कार्यालयात असाल तर आतला, बाहेर असाल तर क्लाउडचा.

फाइलच्या आकाराचाही इथे विचार करा. ए४ कागदाचं एक पान ६०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ६०० ठिपके या हिशेबाने, छापायचं तर त्यावर सुमारे ३ कोटी ४८ लाख ठिपके बसतात. प्रत्येक ठिपक्याला रंगासाठी ३ बाइट धरले तर न दाबलेल्या रूपात ते एक पान १०० एमबीच्या पुढे जातं. प्रत्यक्षात माहिती दाबून पाठवतात, साध्या मजकुराचं पान अगदी लहान होतं. पण नकाशे, आराखडे, छायाचित्रं छापणाऱ्या विभागात चाळीस पानांची फाइल आधी वर आणि मग खाली असा प्रवास करू लागली की सगळ्यांचं नेट रखडतं. अशा विभागासाठी आतलाच मार्ग ठेवा. गोपनीयतेच्या दृष्टीनेही तो बरा. जी फाइल बाहेर गेलीच नाही, ती बाहेर कोणाच्या हाती लागण्याचा प्रश्न येत नाही.

प्रिंटरसारख्या साध्या यंत्रापासून एवढा कसला धोका?

हा प्रश्न मला सर्वात जास्त वेळा विचारला जातो, आणि तो विचारणाऱ्याचा दोष नाही. प्रिंटर कोपऱ्यात उभा असतो, टोनर संपला की आठवतो. पण कार्यालयातला मोठा प्रिंटर म्हणजे पूर्ण कॉम्प्युटर असतो. त्याला प्रोसेसर असतो, अनेकदा हार्ड डिस्क असते, स्वतःचं वेबपान असतं, नेटवर्कवर पत्ता असतो. तुमच्या मेल सर्व्हरचा आणि कर्मचाऱ्यांच्या यादीचा पासवर्डही त्याच्या पोटात साठवलेला असतो, कारण स्कॅन करून मेल करायची सोय आपणच चालू केलेली असते.

बहुतेक नेटवर्क प्रिंटर ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे नेटवर्ककडे उघडणाऱ्या दारावर, काम घेतात. तिथे ना नाव विचारलं जातं, ना पासवर्ड. जो जोडला जाईल त्याचं काम छापायचं, एवढाच नियम. कार्यालयाच्या आत हे खपून जातं. पण असा प्रिंटर चुकून थेट इंटरनेटला उघडा राहिला तर जगातला कोणीही त्यावर काहीही छापू शकतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये हेच झालं. उघड्या राहिलेल्या हजारो प्रिंटरांमधून एका यूट्यूब चॅनेलचा प्रचार करणारी पानं आपोआप बाहेर पडली. त्या वेळी फक्त कागद वाया गेला.

मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या एका गोष्टीची. एकदा एका कार्यालयाच्या तपासणीत मी हे स्वतः करून दाखवलं होतं. ब्राउझरमध्ये प्रिंटरचा पत्ता टाकला. त्याचा अ‍ॅडमिन पासवर्ड कारखान्यातून आला तोच होता, माहितीपुस्तिकेत छापलेला. आत 'ॲड्रेस बुक सर्व्हर' नावाची जागा असते, तिथे कर्मचाऱ्यांच्या यादीचा म्हणजे एलडीएपी सर्व्हरचा पत्ता भरलेला होता. तो खोडून मी माझ्या लॅपटॉपचा पत्ता टाकला आणि 'जोडणी तपासा' हे बटण दाबलं. प्रिंटरने इमानेइतबारे जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड माझ्या लॅपटॉपला पाठवून दिला, उघड्या अक्षरांत. त्या खात्याला यादी वाचण्यापुरते अधिकार पुरले असते, पण कोणीतरी घाईत पूर्ण अधिकार देऊन ठेवले होते. जेमतेम दोन मिनिटांचं काम. खोलीतलं कोणीही काही क्षण बोललं नाही.

प्रिंट स्पूलरबद्दल २०२१ मध्ये एवढा गोंधळ कशामुळे झाला?

विंडोजमध्ये छपाईची कामं रांगेत लावणारा जो भाग असतो त्याला स्पूलर म्हणतात. तो अनेक वर्षं जवळपास सर्वोच्च अधिकारांनिशी चालत आला आहे. जून २०२१ च्या अखेरीस त्यातली एक मोठी फट जाहीर झाली आणि तिला 'प्रिंटनाइटमेअर' असं नाव पडलं. ड्रायव्हर बसवण्याच्या बहाण्याने एखादं साधं खातं दुसऱ्या सर्व्हरवर आपल्याला हवा तो प्रोग्रॅम चालवू शकत होतं. ज्या सर्व्हरवर साऱ्या संस्थेची खाती असतात त्या डोमेन कंट्रोलरवरही स्पूलर मुळातच चालू असतो, म्हणून धोका फार मोठा होता. मायक्रोसॉफ्टने ६ जुलैपासून नेहमीच्या वेळापत्रकाबाहेर दुरुस्ती दिली. विंडोज ७ ची मुदत संपली होती, तरी त्यासाठीही दिली. ऑगस्टमध्ये ड्रायव्हर बसवायला अ‍ॅडमिनचे अधिकार सक्तीचे झाले आणि अनेक कार्यालयांत दुसऱ्या दिवशी सकाळी लोकांच्या प्रिंट निघेनात.

स्पूलरमधली ही पहिलीच फट नव्हती. २०१० मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेट या घातक प्रोग्रॅमने पसरण्यासाठी वापरलेल्या वाटांपैकी एक स्पूलरमधूनच जात होती.

लिनक्स वापरणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. सप्टेंबर २०२४ मध्ये कप्स या छपाई व्यवस्थेत एकमेकींना जोडलेल्या फटी जाहीर झाल्या. ६३१ क्रमांकाच्या पोर्टवर आलेला कोणाचाही संदेश ऐकून ती व्यवस्था नवा प्रिंटर यादीत घेत होती, आणि त्या बनावट प्रिंटरवर कोणी काम दिलं की हल्लेखोराचा प्रोग्रॅम चालत होता.

क्लाउडवर गेलो की हे धोके संपतात का?

सगळे नाही. कार्यालयातला प्रिंट सर्व्हर गेला की त्याच्याबरोबर त्याचे ड्रायव्हर, त्याच्या रांगा आणि शाखाशाखांमधले उघडे पोर्ट जातात. हा खरा फायदा आहे. पण प्रिंटरचा कारखान्यातला पासवर्ड, जुनं फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर), डिस्कवर राहिलेल्या प्रती, हे सगळं जिथल्या तिथे असतं. सेवा विकत घेतली म्हणून प्रिंटरच्या वेबपानावर कोणी आपणहून जाऊन पासवर्ड बदलत नाही. ते काम तुमचं आहे आणि ते पहिल्या आठवड्यात करा.

प्रिंटरसाठी कमीत कमी काय करायला हवं?

अ‍ॅडमिन पासवर्ड बदला, प्रत्येक यंत्राला वेगळा. फर्मवेअर अपडेट करा आणि पुढच्या वेळची तारीख आत्ताच लिहून ठेवा. टेलनेट, एफटीपी या जुन्या, असुरक्षित जोडण्या आणि न लागणारे पोर्ट बंद करा. यंत्राची स्थिती दुरून विचारणाऱ्या एसएनएमपी या नियमसंचाची तिसरी आवृत्ती वापरा, 'पब्लिक' या शब्दावर चालणारी जुनी नको. प्रिंटरांना वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात, ठेवा म्हणजे कोणाचाही लॅपटॉप त्यांच्याशी थेट बोलणार नाही. स्कॅनसाठी दिलेल्या खात्याचे अधिकार कामापुरतेच ठेवा. आणि फायरवॉलमधून एकही प्रिंटर बाहेर उघडा नाही ना, हे बाहेरून तपासून घ्या, आतून बघून अंदाज बांधू नका.

कार्ड दाखवल्यावरच प्रिंट बाहेर येते. नुसता एक हेलपाटा वाढला, असं लोक म्हणतात. त्यांना काय सांगू?

त्यांना ट्रे दाखवा. कोणत्याही कार्यालयात संध्याकाळी सहाला सामाईक प्रिंटरच्या ट्रेमध्ये काय पडलेलं असतं ते एकदा त्यांच्यासोबत जाऊन बघा. मी एकदा असाच ढीग चाळला होता. वर एका बैठकीची टिपणं, खाली कोणाच्या तरी बँक खात्याचं विवरण, त्याखाली एका नोकरीच्या अर्जाला जोडलेला वैद्यकीय अहवाल, आणि सगळ्यात तळाला एका विभागाच्या पगारवाढीचा तक्ता, नावांसकट. तो तक्ता दुपारपासून तिथे होता. ज्या बाईंनी प्रिंट दिली होती त्यांना मध्येच फोन आला आणि त्या विसरल्या. दुपारपासून त्या ट्रेमधून किमान तीसेक जणांनी आपापले कागद उचलले असतील. त्या बाई नंतर अनेक दिवस खाली मान घालून वावरत होत्या. त्यांची चूक एवढीच होती की त्यांनी फोन घेतला.

माणसं विसरणारच. काम रांगेत थांबवून ठेवणारी पद्धत हे गृहीत धरते. तुम्ही आपल्या जागेवरून प्रिंट दिलीत की ती कोणत्याच प्रिंटरवर जात नाही, तुमच्या नावाने थांबून राहते. तुम्ही कोणत्याही मजल्यावरच्या, कोणत्याही जोडलेल्या प्रिंटरपाशी जाता, कार्ड टेकवता, पडद्यावर तुमचीच कामं दिसतात, हवं ते निवडता आणि कागद तुमच्या डोळ्यांदेखत बाहेर येतो. एका प्रिंटरमध्ये कागद अडकला असेल तर दुसऱ्यापाशी जायचं. विसरलात तर ठरलेल्या वेळेनंतर काम पुसलं जातं आणि कोणाच्याही हाती काही लागत नाही.

एक बारीक गोष्ट मात्र इथे निसटते. छापता छापता मध्येच कागद अडकला, तुम्ही कंटाळून दुसऱ्या प्रिंटरकडे गेलात, आणि दहा मिनिटांनी कोणीतरी तो अडकलेला कागद काढला, तर उरलेली पानं त्या माणसासमोर बाहेर पडतात. कागद अडकल्यावर ठरावीक वेळात काम आपोआप रद्द व्हावं, अशी सोय अनेक यंत्रांत असते. ती चालू करायची राहून जाते.

कोणतं कार्ड चांगलं? आमच्या दाराचं चालेल का?

चालतं, पण आधी ते कोणत्या प्रकारचं आहे ते बघा. १२५ किलोहर्ट्झवर चालणारी जुनी कार्डं फक्त एक क्रमांक बोलून दाखवतात, आणि त्यांची नक्कल सहज मिळणाऱ्या स्वस्त यंत्राने करता येते. १३.५६ मेगाहर्ट्झची कार्डं पुढची आहेत, पण त्यांतल्या मायफेअर क्लासिकचं कुलूप संशोधकांनी २००८ मध्येच फोडून दाखवलं. नवीन घ्यायचीच असतील तर डेसफायरसारखी घ्या. पगार किंवा कायदेविषयक विभागासाठी कार्डाबरोबर पिनही मागा. फोनवरच्या ॲपने क्यूआर कोड टिपून प्रिंट सोडवण्याची सोय बहुतेक सेवांत असते. कार्ड घरी विसरलेल्यांसाठी ती फार कामाची.

आमच्या फाइली त्या कंपनीची माणसं वाचू शकतात का?

हा प्रश्न कंपनीला असाच, याच शब्दांत विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

वाटेत फाइल टीएलएसच्या, म्हणजे कोणाला मध्ये वाचता येऊ नये अशा, आवरणात जाते. आवृत्ती १.२ किंवा १.३ असावी, त्याहून जुनी चालवून घेऊ नका. पोहोचल्यावर ती डिस्कवर एईएस २५६ या सांकेतिक पद्धतीने कुलूपबंद असते, असं सगळेच सांगतात आणि ते बहुधा खरंही असतं. पण कुलूप लावलं म्हटल्यावर पुढचा प्रश्न किल्ली कोणाकडे हाच असतो. किल्ली सेवा देणाऱ्या कंपनीकडे असेल तर तिच्या आतल्या, पुरेसा अधिकार असलेल्या माणसाला फाइल उघडणं शक्य असतं. काही सेवांमध्ये फाइल तुमच्या कॉम्प्युटरवरच बंद होते आणि फक्त प्रिंटरपाशी उघडते, किंवा किल्ली तुम्ही स्वतः ठेवता. रुग्णालयं, वकील, बँका यांनी असाच पर्याय शोधावा.

याहून सहज दुर्लक्षित होणारी गोष्ट म्हणजे फाइलचं नाव. फाइल पुसली गेली तरी नोंदीत नाव राहतं. 'अमुकचा राजीनामा अंतिम', 'तमुक शस्त्रक्रिया अहवाल' अशी नावं वर्षानुवर्षं अहवालात दिसत राहतात, आणि तो अहवाल दर महिन्याला चार जणांना मेलने जातो. नोंदीत फाइलचं नाव न ठेवण्याची किंवा झाकण्याची सोय आहे का ते बघा आणि असेल तर चालू करा.

न काढलेली प्रिंट किती वेळ ठेवावी?

एक कामाचा दिवस. दोन दिवसांच्या पुढे मी कोणालाच ठेवू देत नाही. ज्याला खरंच हवी असते तो पुन्हा प्रिंट देतो.

इंटरनेट गेलं तर काम ठप्प होईल?

ते तुमच्या सेवेच्या बांधणीवर आहे. फाइल आतल्या आत राहत असेल, तर कॉम्प्युटर किंवा स्थानिक यंत्र आधीची परवानगी लक्षात ठेवून काही वेळ छपाई चालू ठेवू शकतं आणि नेट आल्यावर नोंदी वर पाठवतं. सगळं क्लाउडमधून फिरत असेल तर नेट गेल्यावर प्रिंटही गेली. जिथे छपाई थांबली तर माणसं अडतात, म्हणजे रुग्णालयाचा औषध विभाग, गोदामाची पाठवणी, तिथे एक प्रिंटर यूएसबीने किंवा थेट पत्त्याने जोडलेला राखीव ठेवा. तो कोण वापरू शकतं हे ठरवून ठेवा आणि वर्षातून दोनदा मुद्दाम नेट काढून सराव करा. सराव न केलेली पर्यायी व्यवस्था ऐन वेळी कोणाला आठवत नाही, हे मी दोनदा पाहिलं आहे.

ड्रायव्हरची कटकट खरंच संपते का?

बरीचशी संपते. आयपीपी नावाचा छपाईचा नियमसंच १९९९ पासून आहे. प्रिंटर स्वतःच सांगतो, मला पाठपोट छापता येतं, माझ्याकडे ए३ चा ट्रे आहे, स्टेपल मारता येतं. मग प्रत्येक मॉडेलसाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही. ॲपलने २०१० मध्ये एअरप्रिंट आणलं ते याच पायावर, आणि २०१३ मध्ये प्रिंटर बनवणाऱ्या कंपन्यांनी मिळून स्थापलेली मोप्रिया संघटनाही हेच करते. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत एक संरक्षित छपाईची सोय आली आहे. ती चालू केली की बाहेरचे ड्रायव्हर चालतच नाहीत, फक्त मोप्रियाने प्रमाणित केलेले प्रिंटर चालतात. वारा कुठल्या दिशेला आहे हे यावरून कळतं. नवा प्रिंटर घेताना मोप्रियाचं प्रमाणपत्र आहे का, हे किमतीच्या आधी विचारा.

उरते ती कटकट खास सोयींची. पुस्तिकेसारखी घडी, छिद्रं, विशिष्ट ट्रेमधून लेटरहेड, यांतलं काहीतरी सामान्य ड्रायव्हरमध्ये दिसत नाही. ज्यांना हे रोज लागतं त्यांच्या टेबलापाशी बसून आधी तपासा.

आमचे प्रिंटर आठ-दहा वर्षांचे आहेत. सगळे बदलावे लागतील?

बहुधा नाही. जुन्या प्रिंटरांसाठी 'कनेक्टर' म्हणून एक छोटा प्रोग्रॅम कार्यालयातल्या एखाद्या चालू असणाऱ्या कॉम्प्युटरवर बसवतात, तो क्लाउड आणि प्रिंटर यांच्यातला दुवा होतो. फक्त लक्षात ठेवा, तो कॉम्प्युटर म्हणजे पुन्हा एक छोटा प्रिंट सर्व्हरच झाला. त्याला अपडेट हवेत, कुलूप हवं. ज्या प्रिंटरचं फर्मवेअर कंपनीने देणं बंद केलं आहे, तो मात्र बदला, चालत असला तरी.

लेबलं, बारकोड, ईआरपीमधून (कंपनीचा व्यवहार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) निघणारी बिलं यांचं काय?

स्थलांतर अडतं ते इथेच. माणूस वर्ड उघडून प्रिंट देतो तेव्हा तो कोण हे व्यवस्थेला कळतं. ईआरपी रात्री दोन वाजता चारशे बिलं सोडते तेव्हा समोर कोणी माणूस नसतो. लेबल प्रिंटर तर पान समजतच नाहीत, त्यांना त्यांच्या स्वतःच्या भाषेत आज्ञा लागतात आणि मध्ये कोणी त्या आज्ञांचं पीडीएफ केलं की लेबल कोरं येतं. या कामांची वेगळी यादी करा. काहींसाठी सेवा देणारी कंपनी खास मार्ग देते. काहींसाठी एक छोटा, नीट बंदोबस्त केलेला सर्व्हर ठेवणं हेच शहाणपणाचं. शंभर टक्के क्लाउडचा हट्ट धरून गोदामाचं काम थांबवण्यात काही अर्थ नाही.

घरून काम करणाऱ्यांनी आणि पाहुण्यांनी प्रिंट कशी द्यायची?

घरून दिलेली प्रिंट क्लाउडमध्ये थांबते आणि कार्यालयात आल्यावर कार्डाने काढता येते, व्हीपीएन, म्हणजे कार्यालयाच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी, लागत नाही. घरच्या प्रिंटरवर कार्यालयाची गोपनीय कागदपत्रं छापू द्यायची का, हा मात्र धोरणाचा प्रश्न आहे. माझं मत स्पष्ट आहे: देऊ नका. घरी कागद फाडायचं यंत्र नसतं आणि तो कागद शेवटी रद्दीत जातो. पाहुण्यांसाठी मेलने किंवा वेबपानावर फाइल टाकून कोड मिळण्याची सोय ठेवा, तीही वेगळ्या नेटवर्कवरून.

कर्मचारी सोडून गेला तर?

छपाईची सेवा तुमच्या मुख्य ओळखव्यवस्थेला जोडलेली असेल, म्हणजे एंट्रा आयडी, गूगल वर्कस्पेस, ऑक्टा यांपैकी जे काही तुम्ही वापरता त्याला, तर तिथे खातं बंद केलं की छपाईही बंद व्हायला हवी. 'व्हायला हवी' असं म्हणतो, कारण अनेक ठिकाणी कार्डाचा क्रमांक वेगळ्या यादीत राहून जातो. एका बंद केलेल्या खात्याचं कार्ड प्रिंटरवर लावून बघा. एवढ्या एका चाचणीत जोडणी खरी किती आहे ते समजतं. अ‍ॅडमिन खात्यांना दुहेरी पडताळणी सक्तीची करा. ज्याच्या हाती ते वेबपान, त्याच्या हाती सगळ्या शाखांची छपाई.

ही नोंद म्हणजे आमच्यावर पाळत नाही का?

कर्मचारी हा प्रश्न विचारतात तेव्हा तो गांभीर्याने घ्या. कोणी, कधी, किती पानं छापली याची नोंद राहते, आणि गळती झाली तर तपासाला ती लागते. पण ती नोंद कोण बघणार, किती महिने ठेवणार आणि कशासाठी वापरणार, हे सुरुवातीलाच लेखी सांगा. विभागवार आकडे सर्वांना दाखवायला हरकत नाही. माणसागणिक यादी फलकावर लावू नका. आईच्या औषधाची चिठ्ठी छापणाऱ्या माणसाला चोरासारखं वाटता कामा नये.

कागद आणि पैसे किती वाचतील?

ठोक टक्का सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, आधी आपलं महिन्याभराचं मोजमाप करा. पाठपोट आणि काळी-पांढरी छपाई आपोआप लागू केली आणि विसरलेल्या प्रिंट पुसल्या गेल्या की कागद कमी होतो, हे मी प्रत्येक ठिकाणी पाहिलं आहे. सर्व्हरचे परवाने, वीज आणि देखभालीचे तासही वाचतात. समोर सेवेचं भाडं उभं राहतं, कुठे माणसामागे, कुठे प्रिंटरमागे, कुठे कामामागे. माणसं खूप आणि छपाई थोडी असेल तर माणसामागचं भाडं जड जातं.

ती सेवाच फुटली, किंवा बंद पडली तर?

दोन्ही घडलेलं आहे. गूगल क्लाउड प्रिंट २०१० पासून चालू होतं, अनेक शाळा आणि कार्यालयं त्यावर अवलंबून होती, आणि ते ३१ डिसेंबर २०२० ला बंद झालं. एक वर्षाहून अधिक काळ आधी सूचना होती, तरी पुष्कळ जण शेवटच्या आठवड्यात धावले. करारात किमान सूचनेचा काळ लिहून घ्या आणि प्रिंटर, वापरकर्ते, नियम यांची यादी बाहेर काढता येते का ते बघा.

सुरक्षेचं म्हणाल तर सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर ठेवल्याने माणूस सुटत नाही. पेपरकटच्या स्वतः चालवायच्या सर्व्हरमध्ये लॉगिन न करताच आत शिरता येईल अशी फट होती. मार्च २०२३ मध्ये दुरुस्ती आली आणि एप्रिलमध्ये, ज्यांनी ती बसवली नव्हती आणि सर्व्हर इंटरनेटला उघडा ठेवला होता, त्यांच्यावर हल्ले सुरू झाले. क्लाउडमध्ये अशी दुरुस्ती सेवा देणारा स्वतः बसवतो, हा फायदा. त्याच्याकडे चूक झाली तर एकाच वेळी सगळ्या ग्राहकांना झळ पोचते, हा तोटा. म्हणून विचारा: गेल्या घटनेनंतर तुम्ही ग्राहकांना किती तासांत कळवलंत? माहितीच्या सुरक्षेचं आयएसओ २७००१ हे प्रमाणपत्र कोणत्या सेवेसाठी आहे? बाहेरच्या तज्ज्ञांकडून चाचणी शेवटची कधी झाली आणि तिचा अहवाल दाखवाल का? आमची माहिती कोणत्या देशातल्या सर्व्हरवर राहते? उत्तर देताना समोरचा कसा बोलतो त्यावरूनही बरंच कळतं.

सुरुवात कुठून करावी?

एका मजल्यापासून, आणि तोही असा की जिथली माणसं तक्रार स्पष्ट शब्दांत करतात. आधी सगळ्या प्रिंटरांची यादी करा. चालत फिरून करा, सर्व्हरवरची यादी घेऊन नको, कारण कपाटामागे कोणीतरी आणून लावलेला एक प्रिंटर हमखास सापडतो. दोन आठवडे जुनी आणि नवी व्यवस्था शेजारी शेजारी चालू द्या. पहिल्या दिवशी सकाळी प्रत्येक प्रिंटरपाशी मदतीला एक माणूस उभा करा. भिंतीवरच्या सूचनेपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो, आणि वयाने मोठ्या सहकाऱ्यांना चारचौघांत विचारायचा संकोच वाटत नाही. महिन्याच्या अखेरीला, म्हणजे हिशेब विभागाच्या धांदलीत, काहीही बदलू नका.

जुना सर्व्हर आणि जुने प्रिंटर परत देताना काय बघायचं?

डिस्क. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ॲफिनिटी हेल्थ प्लॅन या आरोग्य विमा संस्थेने तिथल्या सरकारी खात्याशी १२,१५,७८० डॉलरवर तडजोड केली. कारण एवढंच की भाड्याने घेतलेली कॉपी यंत्रं तिने डिस्क न पुसता परत केली होती आणि त्यांत रुग्णांची माहिती होती. जवळपास साडेतीन लाख माणसांची माहिती बाहेर गेली असण्याची शक्यता तिने कळवली होती.

यंत्राच्या मेनूमध्ये डिस्क पुसण्याची सोय असते, ती चालवा आणि त्याचा छापील दाखला जपून ठेवा. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेची ८००-८८ ही मार्गदर्शिका यासाठी सर्वत्र वापरली जाते. डिस्कवरची माहिती आधीपासून कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी, असेल तर ती किल्ली नष्ट करणं पुरतं. नसेल आणि पुसण्याची सोयही चालत नसेल, तर डिस्क काढून घ्या आणि यंत्र तिच्याशिवाय परत करा. करारात तसं कलम हवं, म्हणून ते यंत्र घेतानाच घाला. प्रिंटरमधलं ॲड्रेस बुक, साठवलेले पासवर्ड आणि वाय-फायची माहिती वेगळी पुसावी लागते, ती डिस्कवर असतेच असं नाही. जुन्या सर्व्हरवर स्पूलच्या फोल्डरमध्ये अर्धवट राहिलेली कामं सापडतात, तीही बघा. आणि त्या सर्व्हरसाठी फायरवॉलमध्ये उघडलेले पोर्ट त्याच दिवशी बंद करा.